जुने काँक्रीट पाडण्याआधी आणि लिंपण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शंभर वर्षांपूर्वीची आरसीसी इमारत, स्लॅबचे पोपडे पडताहेत, सळया उघड्या पडल्या आहेत, आयुष्य संपले आहे. अशी बातमी अधूनमधून कुठे ना कुठे छापून येते. पोपडे आणि सळया कुणालाही दिसतात. आयुष्य संपले हा मात्र निष्कर्ष असतो, आणि तो कोणत्या चाचण्यांवरून काढला हे बातमीत नसते. अनेकदा ते स्ट्रक्चरल ऑडिटच्या अहवालातही नसते. याउलट इमारत वाचवायचे ठरले, तर लगेच निविदा निघते: सैल भाग काढा, सळईला गंजरोधक लावा, पॉलिमर मॉर्टर (रसायन मिसळलेले सिमेंट-वाळूचे मिश्रण) भरा, वरून रंग द्या. गंज कशाने चढला याचा पत्ता लागण्याआधीच औषध लिहून मोकळे! दोन्ही ठिकाणी क्रम उलटा होतो आणि त्यापायी वाचू शकणाऱ्या इमारती जातात, म्हणून हे सविस्तर पत्र.

या इमारती आजच्या आरसीसीसारख्या नाहीत, हे आधी ध्यानात घ्यावे. फ्रान्समध्ये फ्रांस्वा हेनबिक यांनी १८९२ साली काँक्रीटमध्ये सळया घालण्याच्या आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले. अमेरिकेत अर्नेस्ट रॅन्सम यांनी त्याआधीच, १८८४ मध्ये, पिळलेल्या चौकोनी सळईचे पेटंट घेतले होते आणि १९०३ मध्ये सिनसिनाटीची १६ मजली इंगल्स इमारत त्यांच्याच पद्धतीने उभी राहिली. सरकारी नियम मागाहून आले: प्रशियात १९०४, फ्रान्समध्ये १९०६, लंडनमध्ये १९१५. तोवर ज्याची त्याची पद्धत आणि ज्याची त्याची आकडेमोड. त्यामुळे आत काय असेल याचा अंदाज आजच्या पुस्तकांवरून बांधता येत नाही. हेनबिक पद्धतीत सळया गोल आणि गुळगुळीत असतात, त्यातल्या काही आधाराजवळ वर वळवलेल्या, टोके माशाच्या शेपटीसारखी चिरून फाकवलेली, आणि सळयांना वेढणाऱ्या रिंगांच्या जागी लोखंडी पट्टीचे यू आकाराचे तुकडे. ज्युलियस कान यांच्या सळईला दोन्ही अंगांनी पंख असत, ते कापून ४५ अंशांत वर वळवत. सळई किती आत आणि किती जाड आहे हे न फोडता सांगणारा कव्हर मीटर गोल सळईसाठी जुळवलेला असतो. पट्टी किंवा पंखाची सळई समोर आली, की तो व्यास आणि खोली दोन्ही चुकीची सांगतो. तुळई, कॉलम, स्लॅब, छज्जा अशा प्रत्येक प्रकारात दोन-तीन जागी फोडून प्रत्यक्ष पाहावे आणि मगच मीटरचे आकडे त्याच्याशी ताडावेत.

काँक्रीटही वेगळे असते. १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) हे घमेल्याने मोजलेले मिश्रण, हाताने कालवलेले, खडी न धुतलेली, कुठे कुठे खडीऐवजी भट्टीची जळकी राखखडी. सुरुवातीला ते कोरडसर ठेवून धुम्मसाने ठोकत. पुढे १९१०च्या सुमारास पन्हळीतून वाहत जाईल इतके पातळ ओतण्याची रीत पसरली. पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर ताकद ठरते हे डफ अब्रॅम्स यांनी मांडले १९१८ मध्ये, आणि यांत्रिक व्हायब्रेटर रुळले ते १९३०च्या दशकात. म्हणूनच सळयांच्या दाटीत, तुळईच्या तळाशी पोकळ्या सापडतात. कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, १०-१२ मि.मी. इतकेच असणे नेहमीचे. एक गोष्ट मात्र या काँक्रीटच्या बाजूची आहे. त्या काळचे सिमेंट जाडसर दळलेले असे, त्याचे न भिजलेले कण आत शिल्लक राहत. ओल मिळाली की तेच कण बारीक भेगा सांधून टाकतात.

आता आयुष्य संपल्याच्या निष्कर्षाविषयी. तो पुष्कळदा रिबाउंड हॅमरच्या, म्हणजे पृष्ठभागावर आपटून किती उसळतो ते मोजणाऱ्या उपकरणाच्या आकड्यांवर उभा असतो. कार्बोनेशन झालेला, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरलेला, पृष्ठभाग कठीण होतो, तिथे हॅमर आहे त्यापेक्षा जास्त ताकद दाखवतो. पोपडा सुटलेल्या जागी तोच हॅमर फार कमी दाखवतो. आतल्या काँक्रीटबद्दल दोन्ही आकडे काहीच सांगत नाहीत. ताकद कळायला सळई टाळून कोअर, म्हणजे काँक्रीटचे दंडगोल तुकडे, कापून काढावे लागतात. त्यांचा व्यास सर्वांत मोठ्या खडीच्या निदान तिप्पट, म्हणजे साधारण ७५ ते १०० मि.मी. असावा. समजा, कोअरची ताकद १५ मेगापास्कल (ताकद आणि ताण मोजायचे एकक) आली. आजच्या किमान प्रतीशी तुलना केली की इमारत नापास. पण त्या पिढीचे अभियंते काँक्रीटवर सुमारे ४ आणि सळईवर सुमारे ११० मेगापास्कल एवढाच ताण धरून चालत. त्या हिशेबाला १५चे काँक्रीट पुरून उरते. विचारायचे ते वेगळेच: सळईचा छेद किती शिल्लक आहे, गुळगुळीत सळई टोकाला अजून धरून आहे का, आणि मूळ मापात नसलेला भार, म्हणजे गच्चीवरच्या टाक्या, भरावाचे थरावर थर, नव्या भिंती, आज किती वाढला आहे. कमी ताणाच्या जागेवरून सळईचा एक तुकडा काढून तो ओढून पाहावा, त्याचे रासायनिक पृथक्करण करावे. एवढ्यावर शंका फिटली नाही, तर टप्प्याटप्प्याने भार चढवून तुळई किंवा स्लॅब किती लवतो ते मोजणारी भारचाचणी आहेच.

गंजाचे निदान अल्कलीत गुलाबी होणाऱ्या फेनॉल्फ्थॅलीन या रसायनापासून सुरू होते. निरोगी काँक्रीटचा पीएच (अल्कलीपणाचे माप) १२.५ ते १३ असतो आणि त्या अल्कलीत सळईवर एक अतिसूक्ष्म संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरत गेला, की पीएच ९च्या खाली येतो आणि तो थर जातो. तपासणी अगदी साधी आहे. छिन्नीने ताजा टवका उडवायचा, धूळ फुंकून काढायची आणि अल्कोहोलमधले १ टक्का द्रावण फवारायचे. आतला भाग बघता बघता गडद गुलाबी होतो, बाहेरची पट्टी राखाडीच राहते. खडीच्या तुकड्यांना वळसा घालत जाणारी ती सीमारेषा पट्टीने मोजायची. ड्रिलच्या छिद्रात फवारू नये, आतली ताजी धूळ भिंतीला माखून आकडा खोटा येतो. हा आकडा कव्हरच्या शेजारी ठेवला की बरेच काही कळते. कार्बोनेशनची खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. १०० वर्षांत ते २५ मि.मी. शिरले असेल, तर पुढच्या ५० वर्षांत जेमतेम ५-६ मि.मी. आणखी शिरेल. कव्हर ४० असेल तर घाई करायचे कारण नाही. १२ असेल तर सीमा सळईच्या कधीच पुढे गेली आहे.

पण थर गेला म्हणजे गंज चढलाच असे नव्हे. गंजाला पाणी हवे. कोरड्या दालनातल्या तुळईत गुलाबी सीमा सळईच्या कितीतरी आत सरकलेली असते, आणि तरीही सळई उघडली तर काळपट, टणक, जशीच्या तशी मिळते. अशा तुळईला हात लावू नये. खबरदारी म्हणून सगळ्याच तुळया टोचून नव्याने लिंपायचा आग्रह धरला जातो, तेव्हा शतकभर टिकलेले काँक्रीट फोडून त्याच्या जागी ज्याची परीक्षा अजून व्हायची आहे असे काँक्रीट बसवले जाते. जतनाच्या कामात याहून मोठी हानी क्वचितच होत असेल.

क्लोराइडचा, म्हणजे मिठासारख्या क्षारांमुळे चढणारा, गंज निराळा आणि जास्त कपटी. समुद्राची वाळू, खारे पाणी किंवा काँक्रीट लवकर घट्ट व्हावे म्हणून टाकलेले कॅल्शियम क्लोराइड, ही त्याची मुळे. कार्बोनेशनचा तांबडा गंज फुगतो, मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो आणि कव्हर उडवून आपण होऊन दर्शन देतो. क्लोराइडचा गंज सळईला खड्डे पाडतो, ओल्या जागी काळा-हिरवट असतो, फारसा फुगत नाही. कव्हर शाबूत दिसते आणि आत सळई पेन्सिलच्या टोकासारखी झालेली असते. म्हणून ड्रिलची भुकटी ५ ते २५, २५ ते ५० आणि ५० ते ७५ मि.मी. अशा थरांतून वेगवेगळी गोळा करावी. सर्व थरांत प्रमाण सारखे असेल तर क्लोराइड मुळातच मिसळलेले आहे, आत जाता जाता कमी होत असेल तर ते बाहेरून आले आहे. सिमेंटच्या वजनाच्या ०.४ टक्के ही धोक्याची सर्वमान्य खूण. कार्बोनेशनही झालेले असेल तर त्याहून कमीही पुरते. इथे एक घोटाळा वारंवार होतो: प्रयोगशाळा आकडा काँक्रीटच्या वजनावर देते आणि वाचणारा तो सिमेंटच्या वजनावरचा समजतो. १:२:४च्या काँक्रीटमध्ये सिमेंट साधारण सातवा हिस्सा असते, म्हणजे काँक्रीटच्या वजनावर ०.०६ टक्के आले तरी मर्यादा गाठली गेली. शून्य पूर्णांक शून्य पाहून हायसे वाटून घेऊ नये.

या चाचण्या झाल्या की दुरुस्तीची पहिली पायरी काँक्रीटवर नसतेच, ती गच्चीवर असते. तुंबलेली पन्हळ, कठड्याच्या माथ्यावरची भेग, खिडकीच्या पट्टीखाली पाणी तोडणारी खाच बुजलेली, भिंतीत गाडलेला फुटका नळ. डागांच्या वर नेमके काय आहे ते पाहत गेले की निम्म्या गंजाचा उगम सापडतो. पाणी थांबवून एक पावसाळा जाऊ द्यावा. तेवढ्या अवधीत भेगांवर काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या खुणपट्ट्या लावून त्या हलतात की स्थिर आहेत हेही कळते. हलत्या भेगेत इपॉक्सी (घट्ट होऊन कडक होणारी कृत्रिम राळ) भरली, तर शेजारी नवी भेग पडणार हे ठरलेले.

टेकू देताना घाई नको. जुन्या कॉलममध्ये चार जाड सळया आणि त्यांना बांधणाऱ्या बारीक रिंगा बऱ्याच अंतरावर असतात. सळईला बाहेर वाकण्यापासून कव्हरही थोडेफार रोखून धरत असते. चारी बाजू एकदम सोलल्या तर भाराखालची सळई धनुष्यासारखी बाहेर वाकते. एका वेळी एकच कोपरा, तोही आखूड लांबीत, आणि वरचा भार आधी टेकूंवर घेऊन. भार उतरवल्याशिवाय भरलेले नवे मॉर्टर जुन्या भारातला काहीच वाटा उचलत नाही, मागाहून येणारा भारच काय तो घेते. हिशेबात ते पूर्ण छेदाचे धरणे ही नेहमीची चूक.

हातोडीने ठोकून पोकळ आवाजाच्या कडा खडूने आखल्या, की तोडणी. पुस्तकात कडेला १० मि.मी. खोल सरळ काप घ्या असे असते, म्हणजे कडा पातळ होऊन उडत नाही. नव्या इमारतीत ते बरोबर आहे. इथे कव्हरच १० ते १२ मि.मी. असते आणि ग्राइंडर सरळ पट्टीच्या रिंगेतून जातो. आधी मीटरने आणि छिन्नीने खोली पाहून कापाची खोली जागोजागी ठरवावी, जिथे वाव नाही तिथे कड हातानेच काटकोनात घडवावी. जड ब्रेकर नको, त्याच्या धक्क्याने मागचे चांगले काँक्रीट केसाएवढ्या भेगांनी खिळखिळे होते आणि ठिगळ पुढे नेमके त्याच पातळीतून सुटते. सळई गंजलेली असेल तर तिच्या मागे २० ते २५ मि.मी. जागा मोकळी करावी, बोट फिरले पाहिजे. लांबीत स्वच्छ सळई निदान ५० मि.मी. दिसेपर्यंत पुढे जावे. साफसफाई ग्रिट ब्लास्टिंगने, म्हणजे टणक कणांच्या जोरदार फवाऱ्याने, करावी. तारेच्या ब्रशने सळई चकाकते, पण खड्ड्यांतला गंज आणि क्लोराइड तसेच राहतात.

मग व्यास मोजावा. २५ मि.मी.ची सळई २२ झाली, तर तीनच मिलिमीटर गेल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात छेद २३ टक्के गेलेला असतो, आणि २० ते २५ टक्क्यांच्या पुढे जोडसळई द्यायचा विचार करावाच लागतो. जुन्या पोलादाला तपासणीशिवाय वेल्डिंग करू नये. कार्बन, गंधक किंवा फॉस्फरस जास्त असेल तर ते जोडाशेजारी ठिसूळ होते. बदलायच्या रिंगा स्टेनलेस स्टीलच्या घेतल्या, तर कमी कव्हरचा प्रश्न तेवढ्यापुरता कायमचा मिटतो.

मॉर्टर निवडताना जास्त ताकदीचा मोह आवरावा. काँक्रीट दुरुस्तीच्या युरोपीय मानक ईएन १५०४ मध्ये मॉर्टरच्या आर२, आर३ आणि आर४ अशा प्रती आहेत, किमान ताकद अनुक्रमे १५, २५ आणि ४५ मेगापास्कल. बाजारात आर४ सहज मिळतो आणि हमखास तोच लिहिला जातो. १५-२० मेगापास्कलच्या जुन्या काँक्रीटवर तो ताठर ठोकळा ठरतो, आकसताना आणि तापताना आपल्याबरोबर जुन्याचा पापुद्रा ओढून काढतो. इपॉक्सी मॉर्टर तर उष्णतेने काँक्रीटच्या कित्येक पट प्रसरण पावतो. बहुतेक ठिकाणी आर२ किंवा आर३ योग्य. जागा आदल्या दिवसापासून भिजवावी, पण भरतेवेळी पृष्ठभागावर पाणी साचलेले नसावे: आतून ओला, वरून कोरडा. जोडलेप लावला तर तो ओला असतानाच मॉर्टर दाबून भरावे. जेवणाच्या सुट्टीत सुकलेला लेप जोडत नाही, उलट सोडवतो. त्यानंतर ७ दिवस ओले गोणपाट. ठिगळे सुटण्याच्या कारणांत हा शेवटचा हलगर्जीपणा फार वरचा आहे. ठिगळावर चकती चिकटवून ओढण्याची चाचणी घ्यावी. तुटणे जुन्या काँक्रीटमध्ये झाले तर काम चांगले, जोडावर झाले तर ते काढून पुन्हा करावे.

क्लोराइड असेल, तर एवढे करूनही गंज थांबत नाही. तो ठिगळाच्या शेजारी सुरू होतो. आधी गंजणारी जागा आपल्या शेजारच्या सळईला नकळत वाचवत असते. ती जागा दुरुस्त झाली की हे संरक्षण संपते आणि एक-दोन वर्षांत ठिगळाभोवती भेगांची चौकट उमटते. उपाय म्हणजे ठिगळाच्या कडेने सळईला जस्ताचे तुकडे बांधणे, म्हणजे सळईऐवजी जस्त झिजते. कव्हर कमी असल्याने ते सळईपुढे मावत नाहीत, मागे किंवा वेगळ्या भोकात बसवावे लागतात. व्याप मोठा असेल तर विद्युतप्रवाहाने सळईचा गंज सतत रोखून धरणारे कायमचे कॅथोडिक संरक्षण, आठ-एक आठवडे चालणारे क्लोराइड उपसणे, किंवा नुसते कार्बोनेशन असेल तर सोडियम कार्बोनेटच्या लगद्यातून पुन्हा अल्कली भरणे, हे मार्ग आहेत. या सगळ्यांना सर्व सळया विजेच्या दृष्टीने एकमेकींना जोडलेल्या लागतात, आणि जुन्या इमारतीत त्या अनेकदा सुट्या असतात. विजेचा मीटर लावून हे तपासल्याशिवाय दरपत्रक मागवू नये. खडी अल्कलीशी प्रतिक्रिया देणारी असेल तर हे उपाय अंगाशी येतात.

वरून द्यायच्या लेपाबद्दल थोडे. पाणी झिडकारणारा सायलेन आवडता आहे, कारण तो दिसत नाही. पण तो कार्बोनेशन थांबवत नाही, उलट कोरड्या झालेल्या काँक्रीटमध्ये कार्बन डायऑक्साइड सहज शिरतो. कार्बोनेशन रोखणारा रंग वायूला अडवणारा आणि वाफेला जाऊ देणारा हवा, आणि तो मूळ पृष्ठभाग झाकतो हे मान्य करूनच वापरावा.

पृष्ठभागाचा मुद्दा सौंदर्याचा म्हणून शेवटी ढकलला जातो, ते मात्र बरोबर नाही. पोलंडमधल्या व्रोत्सवाफ येथील १९१३च्या शताब्दी सभागृहात ६५ मीटर व्यासाच्या घुमटाखाली फळ्यांचे ठसे अजून वाचता येतात. फळीची रुंदी, खिळ्याची जागा, दिवसाचे काम कुठे थांबले, सारे त्यात आहे. अमेरिकेत ओक पार्कच्या युनिटी टेंपलवर, फ्रँक लॉइड राइट यांच्या १९०८ साली पूर्ण झालेल्या वास्तूवर, खडी उघडी दिसणारा पृष्ठभाग होता. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बाहेरून सरसकट काँक्रीटचा फवारा मारला गेला आणि मूळ पृष्ठभाग हातचा गेला. जॅकेटिंग (जुन्याभोवती नव्या काँक्रीटचे वेष्टन) आणि गुनिटिंग (असा काँक्रीटचा फवारा) कधीकधी टाळता येत नाही, पण ते केले की कॉलमची रुंदी, कडांची धार आणि सांध्यांच्या रेषा बदलतात, आणि मूळ काँक्रीट पुढे कुणाला तपासताही येत नाही. ठिगळ जुळवायचे तर रंगद्रव्याआधी वाळू जुळवावी, कारण झिजलेल्या काँक्रीटचा रंग मुख्यतः बारीक वाळूचा असतो. एक मीटर चौरसाचे चार-पाच नमुने करून प्रत्यक्ष भिंतीशेजारी ठेवावेत, निदान २८ दिवस सुकू द्यावेत आणि ओले-कोरडे दोन्ही पाहावेत. ओला नमुना पाहून मंजुरी दिली की वाळल्यावर भिंत चट्ट्यापट्ट्यांची होते.

निविदेत चाचण्यांचा वेगळा टप्पा असावा, आणि तो दुरुस्तीच्या ठेकेदाराने करू नये. दुरुस्तीचे मोजमाप एकरकमी नको. फोडायला लागल्यावर खराब भाग आखलेल्यापेक्षा नेहमीच जास्त निघतो, आणि एकरकमी ठेक्यात तो वाढीव भाग नुसता झाकला जातो. खोलीनुसार दर ठरवावेत: सळईपर्यंत, सळईमागे, जोडसळईसह. भरण्यापूर्वी प्रत्येक खड्ड्याचे छायाचित्र आणि व्यासाची नोंद घ्यावी. प्रत्येक ठिगळ नकाशावर क्रमांकाने दाखवावे, जस्ताच्या तुकड्यांच्या जागांसकट, आणि काढलेले कोअर चिठ्ठ्या लावून जपावेत. पहिला पावसाळा सरल्यावर तोच नकाशा आणि तीच हातोडी घेऊन प्रत्येक ठिगळाची कड पुन्हा ठोकावी, आणि ठेकेदाराची अनामत रक्कम त्यानंतर मोकळी करावी.

आपले,
जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीत काम करणारे काही स्थापत्य अभियंते